गवंड्याची हत्यारे आणि बंद दरवाजा

गुण्या, ओळंबा, पाणसळ आणि थापी ही गवंड्याची हत्यारे. फ्रीमेसन मंडळींनी त्यांना नीतीचे पाठ जोडले. ओळंबा म्हणजे सरळ वागणे, पाणसळ म्हणजे सर्वांची समानता, थापी म्हणजे बंधुभावाने माणसे जोडणे. लॉजमध्ये, म्हणजे त्यांच्या सभागृहात, हे पाठ तोंडी दिले जात आणि मुखोद्गत केले जात.

अमेरिकेत या पाठांना चित्ररूप देणारे सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे जेरेमी क्रॉस यांचे ‘ट्रू मेसॉनिक चार्ट, ऑर हायरोग्लिफिक मॉनिटर’. ते १८१९ साली कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे निघाले. चित्रे कोरली ॲमॉस डूलिटल यांनी. १७७५ च्या लेक्झिंग्टन आणि काँकर्ड येथील चकमकींची चित्रे कोरणारे तेच कारागीर. मधमाश्यांचे पोळे म्हणजे उद्योग, वाळूचे घड्याळ म्हणजे सरत चाललेले आयुष्य, नांगर म्हणजे आशा. मोडलेल्या खांबापाशी रडणारी तरुणी आणि तिच्यामागे उभा असलेला काळपुरुष हे त्यातले प्रसिद्ध चित्र. पाठांच्या क्रमानेच चित्रे लावल्यामुळे पान उलटले की पुढचा पाठ आठवे. पुढे लॉजमधील रंगवलेल्या पटांवरही हीच चित्रे उतरली.

ही रीत आपल्याला परकी वाटू नये. आपल्या पूर्वजांपैकी पुष्कळांना कराराचा कागद वाचता येत नव्हता; पण कलश, स्वस्तिक आणि तुळशीवृंदावन यांचा अर्थ त्यांना ठाऊक होता. अक्षराविना धर्म आणि नीती त्यांनी समुद्रापार नेली.

परंतु चित्रात समानता दाखवणे वेगळे आणि दार उघडणे वेगळे. बॉस्टनमधील प्रिन्स हॉल आणि त्यांचे कृष्णवर्णीय सोबती १७७५ साली फ्रीमेसन झाले. अमेरिकेतील गोऱ्या लॉजनी त्यांना आपले मानले नाही, म्हणून त्यांनी इंग्लंडकडे अर्ज केला आणि १७८४ ची सनद मिळवली. ज्या कनेक्टिकटमध्ये पाणसळीचे ते चित्र छापले गेले, तेथील गोऱ्यांच्या ग्रँड लॉजने प्रिन्स हॉल परंपरेच्या ग्रँड लॉजला मान्यता दिली ती १९८९ साली. मध्ये १७० वर्षे गेली. आपल्या पूर्वजांनी जेथून जहाज धरले त्या मुंबईतही भारतीयांना सभासद करून घेण्यासाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हा निराळा लॉज १८४३ साली काढावा लागला.

शताब्दीच्या निमित्ताने आम्हांला यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. क्रॉस यांच्या चित्रांचा अर्थ आज कळतो, कारण चित्राशेजारचा पाठ कोणीतरी जपला. आपल्या घरातील खुणांचा अर्थही जाणत्या माणसांकडून आताच लिहून घेतला पाहिजे. नाहीतर नातवंडांना कलश दिसेल, पण त्याचा अर्थ सांगणारे कोणी नसेल. आणि प्रिन्स हॉल यांनी दाखवले की खूण ही केवळ शोभा नसते. ती मांडणाऱ्याला तिच्या अर्थाचा जाब विचारता येतो. मळ्यावर नुसता क्रमांक होऊन राहिलेल्या माणसांच्या वंशजांना हे वेगळे सांगायला नको.