अठरा होलांचा संकेत आणि जागेची काटकसर

सोलापुरातील सात रस्ता हे नावाप्रमाणेच वाटा फुटण्याचे ठिकाण आहे. कोणी येथून होटगीकडे वळतो, कोणी विजापूरकडे, कोणी स्टेशनकडे. परंतु आसपासच्या वस्त्यांची नावे एकत्र उच्चारून पाहावीत : मोदीखाना, लष्कर, सदर बझार, रेल्वे लाइन्स. या भागाची मूळ मांडणी गावाने केलेली नसून छावणीने केलेली आहे, हे त्या नावांवरूनच ध्यानी येते. १८१८ च्या मे महिन्यात सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यानंतर येथे पलटणीचा तळ पडला. छावणी म्हणजे केवळ बराकी नव्हेत. बंगल्यांभोवतीची ऐसपैस आवारे, कवायतीचे मैदान आणि जुन्या पेठांना कधीच परवडली नसती अशी मोकळी जमीन, हे सर्व छावणीबरोबर येते. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूच्या गल्ल्यांतून हिंडून सात रस्त्यावर आलेल्या माणसाला हा फरक नकाशा न पाहताही पायांना कळतो.

हिंदुस्थानातील छावण्यांनी अशा मोकळ्या जमिनीचा जो उपयोग केला त्यात गोल्फ हा एक होय. या खेळाकडे आपल्याकडील इतिहासाभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. श्रीमंतांची करमणूक म्हणून तो बाजूला टाकला जातो. तथापि जमीन कोणाची, ती कोणासाठी मोकळी ठेवली गेली आणि पुढे तिचे काय झाले हे प्रश्न ज्याला महत्त्वाचे वाटतात त्याला गोल्फचे मैदान टाळून चालणार नाही. कारण एका खेळाडूमागे इतकी जमीन अडविणारा दुसरा खेळ नाही. अठरा होलांच्या पुऱ्या मैदानाला साधारणतः सव्वाशे ते दोनशे एकर जागा लागते, आणि एका फेरीस चार तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. ‘अठरा म्हणजे पूर्ण, नऊ म्हणजे अर्धे आणि त्याहून कमी म्हणजे पोरखेळ’ ही समजूत या मागणीच्या मुळाशी आहे. ही समजूत कायम असेपर्यंत जिल्ह्याच्या गावापुढे दोनच पर्याय राहतात : दीडशे एकर, किंवा काहीच नाही.

प्रस्तुत निबंधात मांडावयाचा मुद्दा एवढाच की, अठरा हा आकडा खेळाच्या अंगभूत गरजेतून आलेला नाही. एका समुद्रकाठच्या गावातील जमिनीच्या आकारातून तो योगायोगाने निघाला आणि त्या गावच्या मंडळाचा दरारा वाढल्यामुळे तो जगभर नियम होऊन बसला. लहान मैदान ही मोठ्या मैदानाची गरिबाघरची नक्कल नव्हे; कालक्रमाने पाहिले तर लहान मैदानच आधीचे आहे.

गोल्फचे सर्वांत जुने लिखित नियम १७४४ साली एडिंबरोजवळच्या लीथ येथे तयार झाले. नियम तेरा होते आणि मैदानात होल होते पाच. लंडनजवळच्या ब्लॅकहीथ येथेही आरंभी पाचच होते, मागाहून ते सात झाले. प्रेस्टविक येथे १८५१ साली जे मैदान आखले गेले ते बारा होलांचे होते. जागा अपुरी असल्यामुळे त्यातील मार्ग एकमेकांना छेदून जात. आजच्या आखणीकारास ते धोक्याचे वाटेल. आणि तरीही ज्या ओपन स्पर्धेस आज गोल्फमधील सर्वांत जुनी मोठी स्पर्धा म्हणून मान आहे ती १८६० साली याच मैदानावर सुरू झाली. बारा होलांच्या तीन फेऱ्या एका दिवसात खेळून तिचा निकाल लागला. उलट माँट्रोज येथे एके काळी पंचवीस होल होते. ज्या गावाजवळ जेवढी पडीक जमीन तेवढे त्याचे होल, असा हा सरळ हिशेब होता. आपल्याकडे गोट्या खेळताना पोरे अंगण पाहून गल कोरतात, त्यातलाच हा प्रकार.

मग अठरा आले कोठून? सेंट अँड्रूजची जमीन समुद्राकाठची एक चिंचोळी पट्टी आहे, आणि तिचे टोक धनगराच्या काठीच्या आकड्यासारखे वळलेले आहे. खेळाडू या पट्टीवरून टोकापर्यंत अकरा होल खेळत जात आणि त्याच खळग्यांवरून परत अकरा खेळत येत. अशी बावीसांची फेरी होई. १७६४ साली पहिले चार होल फारच आखूड आहेत असे ठरून त्यांचे दोन करण्यात आले. जाताना दोन कमी झाले, तसे येतानाही दोन कमी झाले, आणि बावीसाचे अठरा उरले. यापलीकडे या आकड्यामागे कोणतेही गूढ नाही. १८५८ साली तेथील रॉयल अँड एन्शन्ट मंडळाने आपल्या सभासदांसाठी अठरा होलांची एक फेरी म्हणजे एक सामना असे ठरविले, आणि या मंडळाचे नियम जसजसे इतरांनी स्वीकारले तसतसा त्याच्या गावचा आकडाही पसरत गेला.

येथे एक विसंगती ध्यानात ठेवली पाहिजे. ज्या सेंट अँड्रूजने जगाला अठरांची ओढ लावली तेच जागेच्या काटकसरीचे उत्तम उदाहरण आहे. जाणारे व येणारे खेळाडू एकाच खळग्यापाशी अडू लागले तेव्हा तेथे नवी जमीन घेतली गेली नाही. हिरवळ रुंद करून तिच्यावर दोन खळगे करण्यात आले, एक जाणाऱ्यांचा व एक येणाऱ्यांचा. अशा सात जोडहिरवळी तेथे आजही आहेत, आणि प्रत्येक जोडीतील होलांच्या क्रमांकांची बेरीज अठराच भरते. शिवाय हे मैदान पूर्वी उलट दिशेनेही खेळले जाई, म्हणजे एकाच जमिनीतून दोन मैदाने मिळत. मसलबरा येथील नऊ होलांचे जुने मैदान तर घोड्यांच्या शर्यतीच्या वर्तुळात बसविलेले आहे. धावपट्टीच्या मधली निरुपयोगी जागा तेवढी त्याने घेतली. आजचे आखणीकार ज्या युक्त्या नव्या म्हणून मांडतात त्यांतील बहुतेक या दोन ठिकाणी सापडतात.

ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब १८२९ साली कलकत्त्यास निघाला आणि त्यामागोमाग १८४२ साली मुंबईत. तेथून हा खेळ छावण्यांत व जिल्ह्यांच्या ठिकाणी गेला. कोरड्या मुलखातील छावणीत त्याचे जे रूप झाले ते मला सर्वांत बोधप्रद वाटते. तेथे ना स्कॉटलंडचा पाऊस, ना बारमाही गवत. खेळणारे अधिकारी मोजके, त्यांच्या बदल्या वारंवार, आणि सरकारी खर्चाला मर्यादा. परिणामी नऊ होल हीच रूढी पडली. प्रत्येक होलास आरंभाची दोन ठाणी केली की तीच नऊ दुसऱ्या फेरीत निराळ्या अंतरावरून खेळता येत. खळग्याभोवतीच्या हिरवळीचा प्रश्न तर याहून धीटपणे सोडविला गेला. हिरवळ करावयाचीच नाही. तेल मुरवलेल्या रेतीचा सपाट चौथरा करावयाचा आणि प्रत्येक डावाअगोदर तो तरटाने किंवा झाडूने सारखा करावयाचा. याला ते ‘ग्रीन’ ऐवजी ‘ब्राउन’ म्हणत. नावात थोडी थट्टा आहे, पण चौथऱ्यावर चेंडू सरळ धावे आणि त्याला पाण्याचा एक थेंबही लागत नसे. दख्खनच्या हवामानाला मान देऊन केलेली साहेबी व्यवस्था क्वचितच आढळते. ही त्यांपैकी एक आहे.

स्वातंत्र्यानंतर छावण्यांची जमीन संरक्षण खात्याकडे आली आणि तिच्याबरोबर ही मैदानेही आली. त्यांची व्याप्ती किती, हे महालेखापरीक्षकांच्या २०१०-११ च्या अहवालाने लोकांपुढे आणले : लष्करी जमिनीवर ९७ मैदाने, आणि त्यांखाली आठ हजारांहून अधिक एकर. अहवालाचा आक्षेप जमिनीच्या अनधिकृत वापरावर होता व तो रास्तच होता. पण याच आकड्यांचा भागाकार केला तर एका मैदानाच्या वाट्यास सुमारे त्र्याऐंशी एकर येतात. पुऱ्या मैदानाच्या मापाने हे बरेच कमी आहे. छावणीची लहान मैदानाची जुनी सवय या सरासरीत दिसते असे मला वाटते.

महाराष्ट्रातील दोन मैदानांची कथा येथे मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण त्यांची वाटचाल अगदी विरुद्ध दिशांना झाली. पहिले मुंबईचे विलिंग्डन. १९१८ च्या सुमारास गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी स्थापिलेल्या या क्लबाचे वैशिष्ट्य असे की, युरोपियन व हिंदी या दोघांनाही त्यात सभासदत्व होते. त्या काळच्या मुंबईतील बड्या क्लबांची दारे हिंदी माणसाला बंद होती. ताडदेव आणि हाजी अली यांच्या मध्ये जेवढी जागा मिळाली तेवढीत अठरा होल बसविण्यात आले. मात्र ते आखूड ठेवावे लागले. पुऱ्या मैदानावर निष्णात खेळाडूने सत्तर ते बहात्तर फटक्यांत फेरी संपवावी अशी अपेक्षा असते. येथे ती पासष्टाच्या आसपास आहे. म्हणजे अठराचा आकडा राखला व लांबी सोडली. संकेताशी केलेली ही तडजोड म्हणावी लागेल. ज्यांना पुरी लांबी हवी होती त्यांच्यासाठी १९२७ साली चेंबूरला दुसरा क्लब निघाला. त्या वेळी चेंबूर हे शहराबाहेरचे ठिकाण होते हे वेगळे सांगावयास नकोच. विलिंग्डनने वर्णाची आडकाठी दूर केली. पैशाची मात्र राहिली, आणि ती भिंत आजही तशीच आहे.

दुसरे नाशिकचे. तेथील कोरडी हवा आणि रेल्वेची सोय यांमुळे मुंबईचे युरोपियन खेळाडू नाशिकला खेळावयास जात. त्या गोल्फ क्लबाचे मैदान वाढत्या शहराच्या मधोमध आले. आज तेथे गोल्फ नाही. क्रिकेटचे सामने होतात, सभा भरतात, आणि सकाळ-संध्याकाळ शेकडो माणसे धावपट्टीवरून फेऱ्या घालतात. मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव दिलेले आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडून कान्हेरे फासावर गेले. ज्या वर्गाने ते मैदान राखले त्याच वर्गातील अधिकाऱ्याला मारणाऱ्या तरुणाचे नाव त्यास मिळावे, हा काळाने घेतलेला मोठा सूड आहे. गंमत अशी की, नाशिककर बोलताना अजूनही ‘गोल्फ क्लबवर फिरायला’ जातात. गोल्फमुळे ही जमीन मोकळी राहिली हे खरे. पण ती लोकांची झाली ती गोल्फ गेल्यावर, हेही तितकेच खरे. लहान मैदानाचा विचार या दोन सत्यांच्या मध्ये कोठेतरी करावयाचा आहे.

अलीकडच्या काळात मूळ गोल्फच्या देशांतही अठराचा आग्रह सैल होत आहे. जॅक निक्लॉस या विख्यात खेळाडूने १९८५ च्या सुमारास केमन बेटावर निराळाच उपाय केला. त्याने जमिनीऐवजी चेंडू बदलला. नेहमीच्या चेंडूच्या निम्मेच अंतर जाणारा हलका चेंडू घेतला की मैदान आपोआप आखूड होते. युक्ती चतुर होती, पण फारशी रुजली नाही. खेळाडूला आपला फटका दूर गेलेला पाहावयाचा असतो, हा मानवी स्वभाव हिशेबात धरलेला नव्हता. याउलट अमेरिकेत पाइनहर्स्ट येथे २०१७ साली उघडलेले नऊ होलांचे मैदान एकूण ७८९ यार्डांचे व सुमारे दहा एकरांत आहे. खुद्द सेंट अँड्रूजच्या मंडळाने २०१६ साली नऊ होलांची स्पर्धा सुरू केली, आणि कारण दिले ते लोकांना वेळ नसल्याचे. अडीचशे वर्षांनी आकडा आपल्या जन्मगावीच नरम झाला.

आता सोलापूरपुरता पाण्याचा हिशेब करून पाहू. येथे वर्षाला साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरी. १८७१ साली पूर्ण झालेला एकरूख तलाव आणि १९८० सालचे भीमेवरील उजनी धरण ही याच लहरीपणावरची उत्तरे होत. उन्हाळ्यात गवताला रोज पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर हेक्टरी पन्नास हजार लिटर होतात. पुऱ्या मैदानात वीस हेक्टर गवत भिजवावे लागले तर रोज दहा लाख लिटर. माणशी १३५ लिटर या शहरी मापाने सुमारे सात हजार चारशे माणसांचे पाणी. आखूड नऊ होल करून केवळ हिरवळी व ठाणी, म्हणजे अर्धा हेक्टर, भिजविली तर पंचवीस हजार लिटर, म्हणजे एकशे पंचाऐंशी माणसांचे. छावणीच्या पद्धतीने रेतीचे चौथरे केले तर चौथऱ्यांसाठी शून्य. २०१६ च्या एप्रिलमध्ये दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे पुढील क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास सांगितले, हे ज्यांना आठवते त्यांना हा हिशेब क्षुल्लक वाटणार नाही. अर्थात उजनीच्या लाभक्षेत्रात उसाचे मळे पाहून आलेल्या माणसाने खेळाच्या मैदानालाच तेवढे तहानलेले म्हणावे, हेही प्रामाणिकपणाचे नव्हे.

उरला वेळेचा प्रश्न, आणि सोलापुरात त्याचा निर्णय घड्याळापेक्षा सूर्य करतो. मे महिन्यात येथे सहाच्या आत उजाडते आणि आठ वाजेपर्यंत ऊन अंगाला लागू लागते. उजाडताच अठरा होलांची फेरी सुरू करणारा मनुष्य दहाच्या उन्हात अखेरच्या होलापाशी असेल. आखूड नऊ होलांस दीड तास पुरतो. तो साडेसातच्या आत घरी निघालेला असेल. लीथच्या पाच होलांवर समाधान मानणारा तर त्याही आधी.