जोडणी मोजली, भार राहिला

जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या महामार्गावर शहर मागे पडल्यानंतर कानोता लागते. इतिहासाच्या वाचकांना हे नाव परिचित असते ते तेथील ठाकूर घराण्यातील अमरसिंह यांच्यामुळे. त्यांनी १८९८ पासून १९४२ मध्ये मृत्यू होईपर्यंत इंग्रजीत रोजनिशी लिहिली आणि तिचे ८९ खंड झाले. माझे कानोत्याकडे लक्ष गेले ते मात्र वेगळ्या कारणाने. जयपुरात नोकरी करून आता कानोत्यात घर बांधलेल्या एका मराठी स्नेह्यांनी मला विचारले, "विजेची मोटार घेतली आहे, घरी जलद चार्जर बसवायचा आहे. घरात वीज आहेच, मग पुन्हा अर्ज, भारवाढ आणि दुसरा मीटर कशासाठी?"

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरात आपल्या वीज प्रशासनाचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. म्हणून तो येथे सविस्तर मांडतो.

मुंबईत विजेचे दिवे प्रथम लागले ते १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये. १९०५ मध्ये शहराला वीज आणि ट्राम देणारी कंपनी उभी राहिली व १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली. म्हणजे आपल्याकडे विजेवरची सार्वजनिक वाहतूक घराघरांतील दिव्यांच्या आधीच रुळली होती. १९१० च्या भारतीय वीज कायद्याने एक महत्त्वाची गोष्ट केली. ज्या रस्त्यावर परवानाधारक कंपनीची वितरण वाहिनी आहे, तेथील घरमालकाने किंवा भाडेकरूने रीतसर मागणी केली की एका महिन्यात पुरवठा देणे कंपनीवर बंधनकारक झाले. वाहिनीपासून शंभर फुटांपलीकडे लागणाऱ्या तारेचा खर्च मागणाऱ्याने द्यावा, असेही त्यात होते. वीज ही मेहरबानी नसून मागता येण्याजोगी गोष्ट आहे, हे तत्त्व येथून सुरू झाले.

मात्र हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. जयपूर हे संस्थान आणि कानोता हे त्यातील एक ठिकाण, म्हणजे जहागीर. तेथे तार कोणाच्या दारापर्यंत जायची हे दरबारच्या मर्जीवर होते. त्यामुळे त्याच काळात गिरगावातील भाडेकरूला कायद्याने जे मागता येत होते, ते कानोत्यातील शेतकऱ्याला मागता येत नव्हते. देशाच्या विद्युतीकरणाचा विचार करताना हा आरंभीचा फरक आपण बहुधा विसरतो.

याच सुमारास अमेरिकेत विजेच्या मोटारी चांगल्याच लोकप्रिय होत्या. हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक ही गाडी चालवत. घरात येणारी वीज प्रत्यावर्ती आणि बॅटरीला लागणारी एकदिश, म्हणून पीटर कूपर ह्युइट यांनी १९०२ मध्ये शोधलेल्या पाऱ्याच्या वाफेच्या दिष्टकारीचे संच लोक आपल्या गॅरेजमध्ये बसवत. घरी मोटार चार्ज करणे ही एकविसाव्या शतकाची नवलाई नाही, हे यावरून ध्यानात यावे. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला, हँडल मारण्याचा त्रास संपला, पेट्रोल स्वस्त होत गेले आणि विजेची मोटार मागे पडली. त्या काळीही ती शहरातल्या सुस्थितीतील घरांपुरतीच राहिली होती. वीज जेथे पोहोचली नव्हती, तेथे ती गाडी जाऊच शकत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने राज्य वीज मंडळांची वाट मोकळी केली. राजस्थानचे मंडळ १९५७ मध्ये आणि महाराष्ट्राचे १९६० मध्ये स्थापन झाले. मंडळांनी केलेले काम प्रचंड आहे, त्याला उणे लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु ते काम मोजले कसे गेले, हे पाहण्यासारखे आहे. १९९७ पर्यंतच्या व्याख्येनुसार गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असली की ते गाव विद्युतीकृत ठरे. शिवारात एक पंप चालला तरी पुरे. २००४ मध्ये व्याख्या कडक झाली, तरी तिने मागितली ती दहा टक्के घरे. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपुरातील लेसांग गावी वीज पोहोचली आणि देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाल्याचे जाहीर झाले. त्याच सुमारास सौभाग्य योजनेतून घरोघरी जोडण्या देण्याचे काम चालू होते.

जिल्ह्याच्या आढावा बैठकांत मी या रकान्यांवर पुष्कळदा चर्चा केली आहे. आधी गावे मोजली, मग घरे मोजली. त्या तारेतून किती वीज वाहू शकते, हा रकाना तक्त्यात कधी नव्हता. आपण जोडणी मोजत आलो, भार मोजला नाही. दिवा, पंखा, टीव्ही यांवर हे निभावून गेले. २००१ मध्ये बंगळुरूची रेवा ही छोटी विजेची मोटार आली, तीही १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चार्ज होई. गीझरइतकाच तो भार होता आणि घराला त्याचा पत्ताही लागत नसे.

घरचा जलद चार्जर हा मात्र वेगळा प्रकार आहे. प्रचलित घरगुती चार्जर ७.२ किलोवॉटचा असतो व २३० व्होल्टवर सुमारे ३१ अँपिअर प्रवाह खेचतो. म्हणजे तीन-साडेतीन गीझर एकाच वेळी, आणि तेही अर्धा तास नव्हे तर पाच-सहा तास सलग. ४० किलोवॉट-तासांची बॅटरी यावर साधारण सहा तासांत भरते, ३.३ किलोवॉटच्या जोडणीवर बारा तासांहून अधिक लागतात. भिंतीवरची पेटी खरे तर सुरक्षित स्विच आहे. वीज बदलणारे यंत्र गाडीतच असते. पेटीपेक्षा महत्त्वाची आहे मीटरपासून आलेली स्वतंत्र व पुरेशी जाड तार, चांगले अर्थिंग आणि गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण. महामार्गावरील २५-५० किलोवॉटचे एकदिश चार्जर घरासाठी नाहीत.

आता गावाकडे ज्याला आपण डीपी म्हणतो त्या रोहित्राचा हिशेब करू. २५ केव्हीएच्या डीपीवर असे तीन चार्जर एकदम लागले तर २१.६ किलोवॉट तेथेच संपले. ६३ केव्हीएवर आठ, १०० केव्हीएवर तेरा चार्जर लागले की एकाही घरात दिवा न लागता डीपी जवळजवळ भरते. ओळीच्या शेवटच्या घरात व्होल्टेज पडते आणि ज्याच्याकडे मोटार नाही, त्याचा पंखा मंदावतो. भारवाढीचा अर्ज द्यावा लागतो तो यासाठी. अर्ज म्हणजे शेजाऱ्याला न विचारता त्याच्या वाट्याची वीज वापरली जाऊ नये म्हणून केलेली नोंद आहे.

कायद्याची बाजू नागरिकाला बरीच अनुकूल झाली आहे. २००३ च्या वीज कायद्याचे ४३ वे कलम पुन्हा एक महिन्याचीच मुदत देते आणि विलंबासाठी दररोज हजार रुपयांपर्यंत दंड सांगते. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी घरच्या सध्याच्या जोडणीवर गाडी चार्ज करण्यास मुभा दिली; मंजूर भार पुरत असेल तर वेगळे काही करावे लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. तिच्यानुसार गाडीसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते, आणि नव्या जोडणीची किंवा बदलाची मुदत महानगरात ३, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ व ग्रामीण भागात १५ दिवस आहे. डोंगराळ ग्रामीण भागात ती ३० दिवस आहे.

तथापि ४३ व्या कलमाला एक परंतुक आहे. वाहिनी वाढवावी लागत असेल किंवा नवे उपकेंद्र उभारावे लागत असेल, तर ते काम झाल्यावर किंवा नियामक आयोग ठरवील त्या मुदतीत पुरवठा द्यायचा. शहरात हे परंतुक क्वचित आड येते. कानोत्यासारख्या, शहर अंगावर येत असलेल्या वस्त्यांत मात्र सगळा प्रश्न त्यातच दडलेला असतो. पहिला अर्जदार डीपीतील शिल्लक क्षमता घेऊन जातो आणि नवव्या अर्जदाराला क्षमतावाढीची वाट पाहावी लागते. दोघांचाही हक्क सारखा, पण वाट्याला येणारी वीज सारखी नाही. १९१० मध्ये गिरगाव आणि कानोता यांच्यात जो फरक होता, तो आता एकाच गल्लीतील दोन घरांत उतरू शकतो.

यावर उपाय फार अवघड नाहीत. प्रत्येक डीपीची क्षमता आणि तिच्यावरील मंजूर भार लोकांना पाहता येईल असा जाहीर करावा. जून २०२३ च्या नियमांनी वेळेनुसार दर आणि सौर तासांत किमान वीस टक्के कमी दर ही दिशा दिली आहे. स्मार्ट मीटर आणि राज्य आयोगांचे आदेश यांतून ती घरापर्यंत पोहोचली पाहिजे, म्हणजे सगळ्या गाड्या संध्याकाळी सातलाच तारेला लागणार नाहीत. एका डीपीवरील घरांनी आपसांत वेळा ठरवून घेतल्या तर तेही उत्तम.

आपल्यापैकी अनेकजण मायभूमीपासून दूर राहून गावी किंवा एखाद्या शहराच्या वेशीवर घर बांधतात. रस्ता, पाणी, कागदपत्रे यांची चौकशी आपण करतोच. यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा: या घराची डीपी कोणती, ती किती केव्हीएची, आणि तिच्यावर आधीच किती घरांचा भार आहे? नागरिक हा प्रश्न विचारू लागले की प्रशासनाच्या तक्त्यात तो रकाना आपोआप येतो, असा माझा सेवेतील अनुभव आहे.