चौकातील सुरखी आणि समुद्रातील काँक्रीट

लखनौच्या चौकात, गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा यांच्या दरम्यान उभ्या असलेल्या जुन्या इमारतींचा गिलावा जेथे गळून पडला आहे, तेथे लाखौरी विटा उघड्या पडतात. या विटा आजच्या विटेपेक्षा बऱ्याच पातळ आणि लहान असून त्यांच्या सांध्यांतील चुन्याला फिकट तांबूस छटा असते. ही छटा सुरखीची, म्हणजे भाजलेल्या मातीच्या कुटून बारीक केलेल्या भुकटीची होय.

नवाब आसफउद्दौला याने 1775 साली अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली आणि 1784 च्या दुष्काळात चौकाजवळच बडा इमामबाड्याचे काम सुरू केले. वास्तुकार किफायतुल्ला याने रचलेल्या या इमारतीतील मुख्य दालन सुमारे 50 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असूनही त्याच्या छताला लाकडाची वा लोखंडाची एकही तुळई नाही, त्यामुळे सारा भार विटा आणि त्यांना जोडणारा चुना यांच्यावरच येतो. निव्वळ चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कठीण होतो. परंतु एवढ्या जाड भिंतीच्या गाभ्यापर्यंत हवा पोहोचत नाही, आणि येथेच सुरखीचे खरे महत्त्व आहे. माती साधारण 600 ते 800 अंश सेल्सिअस तापमानाला भाजली की तिच्यातील सिलिका आणि ॲल्युमिना यांची स्फटिकरचना मोडते, ते चुन्याशी पाण्याच्या सान्निध्यात संयोग पावतात आणि पाण्यातही न विरघळणारा बंध तयार होतो. म्हणूनच फार कडक भाजलेल्या विटेपेक्षा बेताने भाजलेल्या विटेची सुरखी अधिक गुणकारी ठरते.

हीच क्रिया समुद्रात कामास येते, हे रोमन लोकांनी नेपल्सजवळच्या पोत्सुओली येथील ज्वालामुखीची राख बंदरांच्या बांधकामात वापरून दाखवले होते, आणि त्या गावावरूनच अशा पदार्थांना पॉझोलाना हे नाव पडले. जॉन स्मीटन याने 1759 साली पूर्ण केलेल्या एडिस्टोन दीपगृहाच्या चुन्यातही इटलीचा पॉझोलाना होता. पुढे 1824 साली पेटंट मिळालेल्या पोर्टलँड सिमेंटचा प्रसार झाल्यावर झटपट येणाऱ्या बळालाच टिकाऊपणा समजले जाऊ लागले आणि सुरखी मागे पडली. ही समजूत महागात पडली. पोर्टलँड सिमेंट पाण्याशी संयोग पावताना मोकळा चुना मागे सोडते, समुद्राचे पाणी तो धुऊन नेते, आणि छिद्रांतून आत शिरलेली क्लोराइडे काँक्रीटमधील पोलादापर्यंत पोहोचली की गंज चढून फुगतो व काँक्रीट फोडतो. पणजीचा मांडवी नदीवरील पूल बांधल्यापासून वीस वर्षेही न होता 1986 साली कोसळला, त्यामागे खाऱ्या हवेत गंजलेल्या पोलादी तारा होत्या.

आज काँक्रीटमध्ये मिसळली जाणारी खनिज पूरके, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रांतील उडती राख, झोतभट्टीची मळी आणि सिलिकाची धूळ, तो मोकळा चुना बांधून घेतात आणि छिद्रे अरुंद करतात. मात्र ही क्रिया सावकाश चालते, म्हणून भारतीय मानक 456 अशा काँक्रीटवर किमान दहा दिवस पाणी मारण्यास सांगते, तर साध्या सिमेंटला सात दिवस पुरतात. चुनखडी आणि भाजलेली माती मिसळून केलेल्या सिमेंटसाठी 2023 साली भारतात स्वतंत्र मानक निघाले; क्लोराइडांना अडवण्यात हे सिमेंट साध्या सिमेंटहून सरस ठरले आहे, आणि त्यातील भाजलेली माती म्हणजे तत्त्वतः सुरखीच आहे.

असे असताना चौकातील लाखौरी भिंतींची डागडुजी पोर्टलँड सिमेंटने करणे ही मोठी चूक आहे, कारण ते विटेहून कठीण व घट्ट असते, भिंतीतील ओल आत कोंडते आणि लोणा विटेलाच पोखरतो. या भिंतींना चुना आणि सुरखीच हवी, आणि ती मळणाऱ्या गवंड्यांना काम मिळत राहिले पाहिजे.