फिंडले घरी निघून गेला तेव्हा

गेल्या हिवाळ्यात आमच्या कन्यारत्नाने, वय वर्षं पंधरा, आईस हॉकीची पंचगिरी सुरू केली. ही मुलगी खेळायचं सोडून शिट्टी का फुंकत बसली, असा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पडला होता (मावशी, तू यात आलीसच). खरं उत्तर पॉकेटमनी. नियमांचं शिबिर करायचं, नाव नोंदवायचं आणि शनिवारी भल्या पहाटे लहान मुलांच्या मॅचेसना उभं राहायचं. दंडावर हिरवी पट्टी. कॅनडात आता बऱ्याच ठिकाणी अठराच्या आतल्या पंचांना ती बांधतात. म्हणजे, अहो ओरडणारे काका, समोर पोर आहे, एवढं तरी बघा.

जानेवारीत एकदा मॅच संपल्यावर ती गाडीत येऊन बसली ती गप्पच. कुणाच्या तरी वडिलांनी रिंकच्या काचेवर मुठी आपटून तिला बरंच काही ऐकवलं होतं. "मी परत नाही जाणार, बाबा." मला काय बोलावं सुचेना. मग मला जे येतं ते केलं, इतिहास सांगायला लागलो. (आमच्या घरी याला शिक्षा समजतात.)

१८ फेब्रुवारी १८९९. मॉन्ट्रियल आणि विनिपेग यांच्यात स्टॅन्ली कपची मॅच. तेव्हा हा कप हौशी संघांचाच होता. दोन्ही संघांचं नाव व्हिक्टोरिया, ही आणखी एक गंमत. मॉन्ट्रियलच्या मॅकडूगलने विनिपेगच्या जिंग्रासला काठीने जबर फटका मारला. पंच फिंडलेने शिक्षा दिली फक्त दोन मिनिटं बाहेर बसायची. विनिपेगवाले भडकले आणि बर्फ सोडून निघून गेले. वादावादीत फिंडलेचाही अपमान झाला, तर हा पठ्ठ्या सरळ घरी गेला! मॅच अर्धवट, लोक थंडीत ताटकळत. शेवटी स्लेज घेऊन माणसं त्याच्या घरी गेली आणि मनधरणी करून त्याला परत आणलं. आल्यावर त्याने विनिपेगला पंधरा मिनिटांची मुदत दिली. ते आले नाहीत. त्याने मॅच मॉन्ट्रियलला देऊन टाकली.

फिंडलेचं चुकलं का? मला वाटतं दोन मिनिटं कमीच होती. पण तो परत आला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

त्याच काळातला माझा खरा लाडका पंच म्हणजे फ्रेड वॅगहॉर्न. जन्म इंग्लंडातला, पंचगिरी ओंटारिओत, पन्नासेक वर्षं. पूर्वी खेळ सुरू करताना पंच पक बर्फावर ठेवायचा, मग स्वतःच्या हाताने दोघांच्या काठ्या नीट लावायचा, आणि बाजूला व्हायच्या आत नडगीवर तडाखे खायचा. वॅगहॉर्न वैतागला आणि त्याने पक वरून टाकायला सुरुवात केली. आज जगभर तसंच टाकतात. थंडीत धातूची शिट्टी ओठाला चिकटायची, म्हणून तो घंटा वाजवायचा. एकदा दोन तुकडे चिकटवून केलेला पक फुटला आणि अर्धाच गोलमध्ये गेला. याने गोल नाकारला. नियमात पकचं माप दिलंय, हा तुकडा त्या मापाचा नाही, म्हणजे हा पकच नाही! आमच्या गल्ली क्रिकेटमध्ये असा अंपायर असता तर मार खाल्ला असता.

हसण्यावारी नेण्यासारखा मात्र हा काळ नव्हता. १९०५ साली ओंटारिओतल्या मॅक्सव्हिलमध्ये ॲल्साइड लॉरिन हा तरुण खेळताना झालेल्या मारहाणीत मेला. १९०७ मध्ये कॉर्नवॉलला ओवेन मॅककोर्ट डोक्यात काठी बसून गेला. दोन्ही खटल्यांत आरोपी निर्दोष सुटले. त्या दोन मिनिटांच्या शिक्षेकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो. काठी वर गेली की लगेच शिट्टी वाजवणारं कुणीतरी तिथे लागतंच. मग ते पंधरा वर्षांचं का असेना.

हे सगळं ऐकून झाल्यावर कन्या म्हणाली, "फिंडलेला न्यायला स्लेज आली होती. मला कोण येणार?"

मी म्हटलं, गाडी आहे की आपली.

त्या आठवड्यात तिने कुठलीच मॅच घेतली नाही. पुढच्या शनिवारी सकाळी सव्वासहाला, उणे सतरात, मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो आणि ती हिरवी पट्टी शोधत होती. ती सापडली डिशवॉशरच्या मागे. कशी गेली, विचारू नका.