टॉमकाका

हॅरिएट बीचर स्टो (१८११–१८९६) या अमेरिकन लेखिकेच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या गुलामगिरीविरोधी कादंबरीचा नायक. केंटकीतील शेल्बी यांच्या मळ्यावरचा कृष्णवर्णीय, श्रद्धाळू ख्रिस्ती गुलाम. पळालेल्या गुलामांना पकडून देण्याची सक्ती करणाऱ्या १८५० च्या कायद्याने संतापून स्टोबाईंनी ही कथा ‘नॅशनल ईरा’ साप्ताहिकात १८५१ पासून क्रमशः लिहिली.

मालकाच्या कर्जापायी टॉम विकला जातो. बायकामुले मागे राहतात. न्यू ऑर्लिअन्सचा सेंट क्लेअर त्याला मुक्त करायचे ठरवतो, पण कागद होण्याआधीच मरतो, आणि टॉम सायमन लेग्री या क्रूर मळेवाल्याच्या हाती पडतो. अक्षराला अक्षर जुळवत बायबल वाचणारा हा माणूस दुबळा मुळीच नाही. गुलाम बाईला फटके मारायला तो साफ नकार देतो. कॅसी आणि एमेलिन यांच्या पळण्याचा बेत ठाऊक असूनही तोंड उघडत नाही, त्यापायी मार खाऊन मरतो आणि मारणाऱ्यांना क्षमा करतो.

‘अंकल टॉम’ ही पुढे गोऱ्यांपुढे लाचार होणाऱ्याला द्यायची शिवी झाली. खापर बरेचसे नाटकवाल्यांवर फोडावे लागेल : भरदार छातीच्या टॉमला त्यांनी पांढऱ्या केसांचा, वाकलेला म्हातारा केला. तरी लेखिकेने टॉमचे माणूसपणच काढून घेतले, हा जेम्स बॉल्डविन यांचा १९४९ चा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ज्याच्या आयुष्यावर टॉम बराचसा बेतला असे मानतात, तो जोसाया हेन्सन सोसत बसला नव्हता. १८३० मध्ये तो बायकामुलांसह कॅनडात पळाला.

अमेरिकेतील गुलाममुक्तीची मराठीतली ठळक नोंद म्हणजे जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ (१८७३). ते त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. फुल्यांचा विचार महाड भागात रुजवला तो रावढळच्या गोपाळबाबा वलंगकरांनी.

कादंबरी पुस्तकरूपाने आली २० मार्च १८५२ रोजी. बरोबर पंचाहत्तर वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, याच महाडात डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांना बंद असलेल्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. हा निव्वळ योगायोग. त्या दिवशी सत्याग्रहींवर हल्ला झाला, तेव्हा उलट हात उचलू नका, असे बाबासाहेबांनी बजावले. न्याय मात्र परलोकावर सोपवला नाही. तळ्याचा खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.