पोर्टलचे घटक आणि जावास्क्रिप्टचे प्रमाणरूप

जावास्क्रिप्ट ही संगणकभाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत सिद्ध केली व १९९७ साली ‘एक्मास्क्रिप्ट’ या नावाने तिचे प्रमाणीकरण झाले. तथापि एका फाइलीतील नावे दुसरीत रीतसर आयात करण्याची सोय तिच्या व्याकरणात २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत नव्हती.

ही उणीव पोर्टलमध्ये विशेष जाचक ठरली. २००३ च्या जावा पोर्टलेट प्रमाणानुसार प्रत्येक घटक पानाचा एक तुकडाच तयार करतो. ते तुकडे जुळवून पोर्टल पान उभे करते. त्यामुळे परस्परांस अपरिचित लेखकांची नावे एकाच क्षेत्रात येत, आणि एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आल्यास नंतरची आधीचीस झाकून टाकी.

नव्या वाक्यरचनेने नावांचा हा संकर टळला. जुन्या ब्राउझरांसाठी ‘बेबल’ तिचे जुन्या रूपात भाषांतर करू लागले. परंतु पॅकेजांचा प्रश्न उरलाच. प्रत्येक घटकाने स्वतःची प्रत बाळगल्यास पानाचा भार वाढतो. प्रत सामायिक ठेवल्यास एकाची आवृत्ती बदलताच दुसरा अडतो. मार्च २०१६ मध्ये एनपीएम भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ हे ११ ओळींचे पॅकेज काढले जाताच अनेक प्रकल्पांची बांधणी थांबली. यास्तव व्याकरणाच्या प्रमाणीकरणाने शब्दसंग्रहाच्या मालकीचा प्रश्न सुटत नाही, असेच म्हणावे लागते.