खुडूक कोंबडी आणि एकवीस दिवस

अंडं फोडून आत काय चाललंय ते बघण्याचा प्रयोग कुठल्याही शाळेपेक्षा जुना आहे. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या एका ग्रीक ग्रंथात तो सांगितलाय: वीसेक अंडी दोन-तीन कोंबड्यांखाली ठेवा आणि रोज एक फोडून बघा. पुढे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं की तीन दिवस, तीन रात्रींनंतर आत रक्ताचा एक ठिपका दिसतो आणि तो उडत असतो. ते हृदय. सूक्ष्मदर्शक नव्हता, कोंबड्या होत्या आणि धीर होता.

आमच्याकडे घाटाखाली (बुलढाणा, चिखली घाटावर, मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली) याला कुणी प्रयोग म्हटलं नाही. कोंबडी खुडूक झाली की आजी टोपलीत भुसा घालायची, वर अंडी मांडायची आणि अंधार पडल्यावर तिला बसवायची. आठवड्याने अंडी दिव्यासमोर धरून भरलेली कुठली, पोचट कुठली ते सांगायची. भर मे महिन्यात मात्र बसवायची नाही. "उन्हायात अंडे नासतेत बापा," एवढंच कारण.

कारण बरोबर होतं. गर्भाला साधारण 37.5 अंश लागतात, पण सुस्त वाढ विसेक अंशांच्या वरच सुरू होते. घाटाखाली मे महिन्यात पारा 42-43 वर जातो. म्हणजे कोंबडी बसायच्या आधीच, फळीवर ठेवलेल्या अंड्यात जीव अर्धामुर्धा वाढतो आणि मरतो. युरोपातली उबवणीची पुस्तकं ऊब कशी द्यायची ते सांगतात. आमचा प्रश्न उलटा आहे.

कोंबडीशिवाय अंडी उबवणं इजिप्तने हजारो वर्षांपूर्वी साधलं. मातीच्या भट्ट्या, जळणाला शेण आणि पेंढा. तापमापक नाही, कामगार अंडं पापणीला लावून उष्णता ओळखायचे. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूरने 1749 साली यावर ग्रंथच लिहिला. स्वतःच्या नावाची तापमानश्रेणी असलेला हा माणूस. पण ज्यांच्याकडे तापमापक नाही त्यांना त्याने लोणी आणि चरबीचं मिश्रण बाटलीत ठेवायला सांगितलं. ते वितळू लागलं की उष्णता योग्य. मी सेन्सरवर कोड लिहून पोट भरतो, तरी मला ही बाटली जास्त आवडते. त्याच्याच माहितीप्रमाणे इजिप्तचे भट्टीवाले तीन अंड्यांमागे दोन पिल्लांची हमी द्यायचे. बाकीचं नशीब.

आमच्या अंगणातली उबवणी 2006 मध्ये थांबली. फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला, मार्चमध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यात. तिथे परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. आमच्या गावात कुणी आलं नाही, पण आजीने भीतीने कोंबड्या काढून टाकल्या आणि परत घेतल्या नाहीत. टोपलीत नंतर कांदे राहिले.

त्यामुळे माझ्या पुतणीला अंडं ठाऊक आहे ते ट्रेमधलं. शाळेत आलं तेही वाद होऊन: राज्याने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये पोषण आहारात अंडं दिलं, 2025 च्या जानेवारीत त्याचा निधी काढून घेतला. अंडं खावं की नाही यावर सगळे बोलले. त्यातून काय निघतं हे मुलांना दाखवावं, असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

दुकानातली अंडी चालत नाहीत, लेयर फार्मवर कोंबडा नसतो. म्हणून जळगाव जामोदकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून बारा गावरान अंडी आणली. थर्माकोलचा खोका, दोन बल्ब, थर्मोस्टॅट, पाण्याची वाटी. ऑगस्ट मुद्दाम निवडला. पुतणीने पेन्सिलने अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा काढला. दिवसातून तीनदा फिरवायचं, नाहीतर गर्भ आतून चिकटतो. अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. वीज गेली की खोक्यावर गोधडी. कोंबडीला इन्व्हर्टर लागत नाही, हे तेव्हा फार जाणवतं.

सात पिल्लं निघाली. इजिप्तच्या हमीपेक्षा एक कमी.

उरलेली पाच पुतणीने फोडायला लावली. चार पोचट. पाचव्यात पूर्ण पिल्लू होतं, पिसांसकट, चोचीवर कवच फोडायचा तो पांढरा दाणाही. तिने विचारलं, "याने ठोकलं असेल का?" कवचाला आतून तडा नव्हता. मी तो तिला दाखवला नाही. तिनेच बोटाने चाचपून पाहिलं.

महिन्याभराने सातही पिल्लं डालग्यात घालून, जिच्याकडून अंडी आणली त्या बाईकडे परत सोडली. तिने एकेक उचलून पाहिलं, चार कोंबडे निघतील म्हणाली. पुतणीने कोंबड्यांचं पुढे काय होतं ते विचारलं. बाईने सरळ सांगितलं.